सॅम्युएल प्लिम्सॉल : खलाशांचा कैवारी

मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या कोणत्याही मालवाहू जहाजाच्या कुशीकडे नीट पाहिले, तर एक वर्तुळ आणि त्याला मधोमध छेदून जाणारी आडवी रेघ दिसते. ही रेघ पाण्याखाली जाईल इतका माल जहाजात भरता येत नाही. साध्या रंगाने काढलेल्या या रेघेमागे एका माणसाच्या आयुष्याची झुंज आहे. त्याचे नाव सॅम्युएल प्लिम्सॉल.

प्लिम्सॉलचा जन्म 1824 साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. बालपण पेनरिथ व शेफील्ड येथे गेले. शेफील्डच्या एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात कारकून म्हणून तो लागला आणि पुढे व्यवस्थापक झाला. 1853 साली लंडनला येऊन त्याने कोळशाचा व्यापार आरंभला. पण तो पुरता बुडाला. आठवड्याला काही शिलिंगांवर गुजराण करीत, कष्टकऱ्यांच्या स्वस्त निवाऱ्यात त्याला दिवस काढावे लागले. गरिबांचे जिणे त्याला तेथे कळले. पुढे सुदैव उघडले, हाती पैसा आला. तरी ते दिवस तो विसरला नाही. 1868 साली डर्बी मतदारसंघातून तो पार्लमेंटवर निवडून आला.

त्या काळी काही लोभी मालक जुनी, कुजकी जहाजे वाटेल तितका माल भरून समुद्रात सोडीत. जहाजाचा विमा भक्कम असे. जहाज पोहोचले तर नफा, बुडाले तर विम्याची रक्कम. बुडत तो बिचारा खलाशी! अशा जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत. कायदाही खलाशाच्या बाजूचा नव्हता. करारावर सही केल्यानंतर जहाजाची दुर्दशा पाहून तो निघायला नकार देई, तर त्याची रवानगी तुरुंगात होई. म्हणजे एकीकडे तुरुंग, दुसरीकडे जलसमाधी!

टाइनमथचे जहाजमालक जेम्स हॉल यांनी या अन्यायाविरुद्ध आधीच आवाज उठविला होता. प्लिम्सॉलने तो प्रश्न आपला मानला. 1873 साली त्याने खलाशांच्या दैन्यावर पुस्तक लिहिले. देशभर खळबळ उडाली, चौकशी आयोग नेमला गेला. जहाजमालकांनी मात्र त्याला कोर्टात खेचले.

22 जुलै 1875 रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजविषयक विधेयक मागे टाकल्याचे जाहीर केले. प्लिम्सॉलचा संयम सुटला. भर सभागृहात त्याने मूठ उगारली आणि काही सभासदांना बदमाश ठरविले. नंतर त्याने सभागृहाची क्षमा मागितली. पण लोकमत त्याच्या पाठीशी उभे राहिले व सरकारला नमावे लागले. त्याच वर्षी तात्पुरता कायदा झाला, आणि 1876 साली भाररेषा सक्तीची झाली.

तरीही पळवाट उरलीच. रेघ हवी, पण ती कोठे काढायची हे मालकानेच ठरवायचे! ही पळवाट बुजायला 1890 साल उजाडले. मग रेघेची जागा कायद्याने ठरविण्यात आली. शास्त्रही त्यात आले. गोड्या पाण्यात जहाज खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक बुडते आणि हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक अधिक खवळलेला असतो. म्हणून मुख्य रेघेशेजारी पाण्याच्या व ऋतूच्या निरनिराळ्या रेघा असतात.

प्लिम्सॉल पुढे खलाशांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. गुरे वाहणाऱ्या जहाजांवरील हालांविरुद्धही तो लढला. 3 जून 1898 रोजी फोकस्टन येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर 1930 साली लंडन येथे भाररेषेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 1966 साली त्याची जागा नव्या कराराने घेतली. एका देशाचा कायदा जगाचा नियम बनला.

ब्रिटिश जहाजांवर राबलेल्यांत आपल्या रत्नागिरीकडचे खलाशीही पुष्कळ होते. प्लिम्सॉल स्वतः दर्यावर्दी नव्हता. ज्यांच्याशी नात्याचा वा धंद्याचा संबंध नाही अशांसाठी तो भांडला. शिकल्यासवरलेल्या आपण तरुणांनी त्याच्याकडून घ्यायचे ते हेच : दुसऱ्याच्या जिवावर होणाऱ्या नफ्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती ओढण्यासाठी कुणीतरी उभे राहावे लागते.