विजय हजारे : हरणाऱ्या मॅचमधला माणूस

विजय हजारे हे नाव आपल्याला विजय हजारे ट्रॉफीमुळे माहीत असतं. पण तो माणूस कोण होता, हे फारसं कुणाला सांगता येत नाही. मी त्यांच्याबद्दल वाचायला लागलो ते एका साध्या कारणासाठी. नगर-कल्याण रस्त्यावरच्या आमच्या पिंपरी पेंढारला आम्ही आठ ओव्हरच्या मॅच खेळतो. सिक्स मारणारे आमच्याकडे भरपूर! पण तीन-चार विकेट पडल्या की मॅच गेली असं धरून जो तो डोळे मिटून बॅट फिरवतो. मॅच हातातून जात असताना लक्ष टिकवायचं कसं? याचं उत्तर मला हजाऱ्यांच्या आयुष्यात सापडलं.

त्यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडं. ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. हजारे बॅट धरायचे ती दोन हातांत अंतर ठेवून. पुस्तकात बसणारी ही पकड नव्हे, पण ग्रिमेटनी ती न बदलण्याचा सल्ला दिला. १९३९-४० च्या रणजी मोसमात याच पकडीने त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ धावा काढल्या.

खरी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर १९४३, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेची फायनल. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. हजाऱ्यांचा 'रेस्ट' संघ १३३ मध्ये गारद झाला आणि त्याला फॉलोऑन मिळाला. आता कोण मन लावून खेळणार? हजारे खेळले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याच्या! भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, तिच्यात विवेकचा वाटा फक्त २१ चा. म्हणजे समोरच्या टोकाला नुसतं उभं राहणाऱ्याचंही लक्ष केवढं असेल बघा. तरीही त्यांचा संघ एक डाव ६१ धावांनी हरला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला पुन्हा तेच. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा, समोर लिंडवॉल आणि मिलर. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ केल्या आणि फॉलोऑननंतर २७७ पैकी १४५. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. ही मॅचसुद्धा आपण डावाने हरलो. १९५२ साली लीड्सला दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर ४ बाद! ट्रूमन आग ओकत होता. त्यावेळी कॅप्टन हजारे आत गेले आणि त्यांनी ५६ धावा काढल्या. दत्तू फडकरांबरोबर त्यांनी १०५ जोडल्या. तिथेही पराभवच.

कुणी म्हणेल, हरलेच ना शेवटी? पण भारताने पहिली कसोटी जिंकली ती त्याच वर्षी फेब्रुवारीत, मद्रासला, हजाऱ्यांच्याच कॅप्टनशिपखाली. ३० कसोटींत २१९२ धावा आणि ४७.६५ ची सरासरी ठेवून ते निवृत्त झाले. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं.

मला यातून एक गोष्ट कळली. आपण म्हणतो, मॅचमध्ये जान असेल तर लक्ष आपोआप लागतं. हजाऱ्यांचं लक्ष मात्र स्कोअरबोर्डवर अवलंबून नव्हतं. फॉलोऑन असो की शून्यावर चार, गोलंदाजाच्या हातातून सुटणारा बॉल तेवढाच असतो, तो बघायला डोळेही तेच लागतात. आमच्या टीममध्ये आता एक नियम केलाय: आत जाणाऱ्याला बाहेरून स्कोअर ओरडून सांगायचा नाही. त्याने शेवटच्या ओव्हरपर्यंत उभं राहायचं, बस्स. मागच्या महिन्यात आम्ही असेच सहा धावांनी हरलो, पण पहिल्यांदाच आठ ओव्हर पूर्ण खेळलो.