स्वामी कुवलयानंद : योग मोजून बघणारे शिक्षक



21 जूनच्या योगदिनाला मुलांच्या भाषणात एक वाक्य हमखास असतं, की प्राणायामाने मेंदूला भरपूर ऑक्सिजन मिळतो. हे ज्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलं, त्यांची ही ओळख.

स्वामी कुवलयानंद यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883, गुजरातमधील डभोई. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. तरी मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला प्रो. माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे धडे घेतले आणि पुढे अमळनेरला शिकवू लागले. म्हणजे आपल्याच पेशातले!

1919 मध्ये नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले. गुरूंवर पूर्ण श्रद्धा होती. पण योगाने शरीरात आणि मनात नेमकं काय होतं, हे नुसतं ऐकून त्यांचं समाधान होईना. मग बडोद्याच्या दवाखान्यात उड्डियान आणि नौली करताना क्ष-किरणांनी तपासणी केली. नौली करताना आतड्यातला दाब कमी होतो, हे त्यांनी यंत्राने दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं.

1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. भिवंडीकरांना ते काही लांब नाही, कल्याणहून गाडी मिळते. त्याच वर्षी 'योगमीमांसा' त्रैमासिक निघालं. त्यात प्रयोग आणि आकडे छापले जात.

प्राणायामाचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात नेहमीच्या श्वासापेक्षा जास्त ऑक्सिजन शोषला जातो, हा समज मोजमापात टिकला नाही. योगाचा प्रचार करणाऱ्या दुसऱ्या कुणी तो निकाल बाजूला ठेवला असता. यांनी छापला! प्राणायामाचं महत्त्व मात्र त्यांनी कमी मानलं नाही. श्वासावर ताबा आला की मज्जासंस्थेला आणि तिच्यामार्फत मनाला वळण लागतं, असं त्यांचं मत होतं. पुढे गांधीजींनीही तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला.

1963 मध्ये डॉ. विनेकरांसोबत त्यांनी योगोपचारावर पुस्तक लिहिलं. आसनांइतकंच त्यात यम-नियमांना, म्हणजे रोजच्या वागण्याला महत्त्व आहे. मन अस्वस्थ असेल तर शरीरही बिघडतं, ही त्यामागची भूमिका. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांचं निधन झालं. लोणावळ्यातलं संशोधन आणि 'योगमीमांसा' त्यांच्यामागेही चालू राहिलं.