लाल विटांचं घर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं कमिटीने सांगितलं तेव्हा बहुतेकांना वाटलं असणार की मी गणपतीच्या मखराबद्दल नाहीतर रांगोळी स्पर्धेबद्दल लिहीन. पण मला आठवली ती पंचवीस वर्षांपूर्वीची आपली रिकामी बिल्डिंग. पझेशन मिळालं, किल्ल्या हातात आल्या, आणि जिन्यात जो भेटेल तो एकच विचारायचा, लादी कुठली बसवताय? ओटा कडाप्प्याचा की ग्रॅनाइटचा? आमच्या घरी एका शेड कार्डावरून तीन दिवस अबोला होता. ह्यांना पिस्ता रंग हवा होता, मला तो डोळ्यांसमोर नको होता. शेवटी भिंती क्रीम झाल्या आणि त्या दोघांनाही आवडल्या नाहीत. त्या दिवसांत सुतार-रंगाऱ्यांच्या खटखटीत बसून मी ह्यांना एका जोडप्याची गोष्ट सांगायचे. मी जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शिकले, तिथे ही गोष्ट मला भेटली होती. तीच आज लिहून काढते.

नवऱ्याचं नाव विल्यम मॉरिस, बायकोचं जेन. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी त्याचं काम तुम्ही नक्की पाहिलंय. पडद्यांच्या कापडावर, डायरीच्या पुठ्ठ्यावर, चहाच्या मगवर पानाफुलांची दाट वेलबुट्टी असते आणि मधूनच स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी असतात ना, ते मूळचे ह्या मॉरिसचे.

मॉरिसचा जन्म 24 मार्च 1834 चा, लंडनजवळच्या वॉल्थमस्टोचा. घर श्रीमंत. वडील लंडनच्या पेढ्यांच्या व्यवहारातले, आणि डेव्हन परगण्यातल्या एका तांब्याच्या खाणीचे शेअर त्यांनी घेतले होते. त्या शेअरनी कुटुंबाचं भाग्य उघडलं. वडील लवकर गेले, पण एकविसाव्या वर्षी मॉरिसच्या हाती वर्षाला 900 पौंडांचं उत्पन्न आलं. ऑक्सफर्डला तो पाद्री व्हायला गेला होता. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र भेटला आणि दोघांनी धर्माऐवजी कला धरली. मग मॉरिस एका आर्किटेक्टच्या ऑफिसात उमेदवारी करायला बसला. नकाशे काढण्यात त्याचा जीव रमेना, पण त्याच ऑफिसात त्याच्याहून अनुभवी असा फिलिप वेब होता. त्याच्याशी मैत्री झाली, ती कायमची.

1857 मध्ये ही मित्रमंडळी कवी-चित्रकार रोसेटीच्या मागे लागून ऑक्सफर्डच्या एका सभागृहाच्या भिंती रंगवायला गेली. उत्साह अमाप, अनुभव शून्य. नव्या ओलसर विटांवर नुसती सफेदी मारलेली, अस्तर नाही, काही नाही, आणि त्यावर चित्रं काढली. थोड्याच काळात रंग उडायला लागले. (आपल्या टेरेसखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ओल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.) पण त्याच मुक्कामात त्यांना नाटकाच्या थिएटरात एक उंच, दाट केसांची मुलगी दिसली. चित्रासाठी बसशील का म्हणून विचारलं. ती जेन बर्डन. बाप घोड्यांच्या पागेत कामाला, घर एका अरुंद बोळात. एरवी तिच्या नशिबी कुणाच्या तरी घरची धुणीभांडीच होती. मॉरिसने तिचं चित्र काढलं आणि तिला मागणी घातली. 26 एप्रिल 1859 ला ऑक्सफर्डच्या चर्चमध्ये लग्न झालं. मुलाकडचं कुणी आलं नाही. तो पंचवीस वर्षांचा, ती एकोणीस.

आता घराकडे येऊ. घराची कल्पना लग्नाआधीच निघाली होती. 1858 च्या उन्हाळ्यात मॉरिस, वेब आणि आणखी एक मित्र फ्रान्समध्ये सीन नदीतून होडी वल्हवत निघाले होते. त्या प्रवासात वेबने गाइडबुकातल्या नकाशांच्या पाठीवर घराची पहिली रेखाटनं केली. जागा मिळाली ती लंडनपासून दहाएक मैलांवर, केंट परगण्यातल्या बेक्सलीहीथजवळ, सफरचंदांच्या बागेत. वेबचं स्वतंत्रपणे बांधलेलं हे पहिलंच घर. त्याने झाडं जितकी वाचवता येतील तितकी वाचवून, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात ते बसवलं. झाडं भिंतींना इतकी लागून की शरदातल्या गरम रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या तर सफरचंदं टपकन खोलीत पडायची.

त्या काळी तिथली मोठी माणसं विटांच्या भिंतींवर गिलावा करून, त्याला दगडाचा भास देऊन घर मिरवायची. मॉरिस आणि वेबने गिलावा केलाच नाही. लाल विटा तशाच उघड्या ठेवल्या, वर लाल कौलं, अंगणात विहीर आणि तिच्यावर टोपीसारखं उभट छप्पर. म्हणून नाव रेड हाऊस. मात्र एक गोष्ट मला आजही समजत नाही. मुख्य खोल्या त्यांनी उत्तरेकडे तोंड करून घेतल्या. इंग्लंडच्या थंडीत! उन्हासाठी उत्तरेच्या खोल्या आपल्याकडे ठीक आहेत, तिथे घर गारठायचं. आर्किटेक्ट मित्र असला की घरमालक फारसे प्रश्न विचारत नाही, हे तिथेही खरंच असावं.

1860 च्या उन्हाळ्यात दोघं राहायला आली. आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. पैसा होता, दुकानं होती, पण दुकानात घरात ठेवावं असं काहीच मिळेना. कारखान्यांत निघालेली नक्षीदार खुर्ची, भडक गालिचा, चकचकीत पडदा, सगळं मॉरिसला खोटं वाटायचं. नवीन घरासाठी बाजार पालथा घालणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना असंच वाटलं होतं, पण आपण दमून काहीतरी घेऊन आलो. ह्या दोघांनी ठरवलं, नसेल मिळत तर आपण करू.

छतांपासून सुरुवात झाली. गिलावा ओला असतानाच त्यात टोचून टोचून नक्षीचे ठिपके पाडून ठेवले होते. मग ठिपके धरून रंग भरायचा, म्हणजे न शिकलेला हातही चुकत नाही. आपल्या रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखंच. शनिवार-रविवार मित्र लंडनहून यायचे. जेवण, दंगा, लपाछपी, आणि दिवसभर हातात ब्रश. दिवाणखान्याच्या भिंतीवर बर्न-जोन्सने एका जुन्या कथेतला लग्नसमारंभ रंगवायला घेतला आणि वर-वधूला चेहरे दिले विल्यम आणि जेनचे. सात चित्रांचा बेत होता, तीनच झाली. त्याच खोलीत मॉरिसचा लंडनच्या जुन्या बिऱ्हाडातला अवाढव्य बाकडा-कपाट आणून बसवला आणि त्याच्या डोक्यावर चक्क एक छोटी गॅलरी बांधली. शिडीने वर चढून नाताळात गाणाऱ्यांनी तिथे बसायचं. जेवणाच्या खोलीतलं फडताळ वेबने आखलं, त्याला रंग दिला गर्द रक्तासारखा लाल. आता सांगा, पिस्ता त्यामानाने काहीच नव्हता.

पण ह्या घरातली मला सगळ्यात जवळची वाटणारी वस्तू जेनने आणली. झोपायच्या खोलीच्या भिंतींना काय लावावं ह्याचा घोळ चालू होता. एक दिवस लंडनच्या दुकानात तिला जाड्याभरड्या निळ्या लोकरी कापडाचा तुकडा मिळाला. नीळ वापरून रंगवलेलं, कुणी पडद्यासाठी ढुंकूनही पाहणार नाही असं. तिने तो घरी नेला. मॉरिस पाहताच खूश झाला आणि लगेच त्यावर डेझीच्या फुलांचे झुबके काढायला बसला. मग जेनने ते लोकरीच्या धाग्यांनी भरले. भरतकाम तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. दोघांनी मिळून जुनी भरतकामं उसवून पाहिली, टाका कसा घातलाय हे शोधून काढलं. पुढे तिची बहीण बेसीही मदतीला आली आणि जेवणाच्या खोलीसाठी बारा स्त्रियांच्या मोठ्या आकृत्या भरायला घेतल्या. त्याही पूर्ण झाल्या नाहीत. पागेवाल्याची मुलगी आता अशा घराची मालकीण होती. ते घर तिला कुणी सजवून दिलं नव्हतं, ती स्वतः टाका टाका करून ते भरत होती. मॉरिसवर पुस्तकं भरपूर निघाली. त्यातल्या बऱ्याच जुन्या पुस्तकांत जेन म्हणजे नुसतं सुंदर मॉडेल, त्याचा मला राग येतो.

जानेवारी 1861 मध्ये थोरली मुलगी जेनी झाली, पुढच्या वर्षी मार्चमध्ये मे. आणि दोन्हींच्या मधे, एप्रिल 1861 मध्ये, ह्या घरातल्या उद्योगाचा धंदा झाला. सात मित्रांनी एक-एक पौंड घातला, मॉरिसच्या आईने 100 पौंड उसने दिले, आणि लंडनला कंपनी सुरू झाली. काचचित्रं, फर्निचर, भरतकाम, वॉलपेपर, टाइल्स. टाइल्स म्हणजे हॉलंडहून कोऱ्या पांढऱ्या मागवायच्या आणि त्यावर हाताने रंगवायचं. बागेतल्या गुलाबांच्या मांडवांवरून मॉरिसने 1862 मध्ये पहिला वॉलपेपर आखला. पक्षी त्याला मनासारखे जमेनात, म्हणून ते वेबने काढून दिले. छपाई स्वतः करायला गेले, ती फसली, मग लाकडी ठशांनी छापणाऱ्या छापखान्याकडे काम दिलं. जेनच्या निळ्या कापडावरचे डेझीचे झुबकेही कागदावर उतरले.

एक गोष्ट लपवायची नाही म्हणून सांगते. सुरुवातीच्या ह्या कागदांतल्या हिरव्या रंगात आर्सेनिक होतं. त्या काळी बहुतेकांच्याच हिरव्यात असायचं. पण ज्या खाणीच्या शेअरवर मॉरिसचं घर उभं राहिलं, तीच पुढे आर्सेनिकच्या उत्पादनातली बडी खाण झाली. मॉरिस काही वर्षं तिचा डायरेक्टर होता. नंतर मजुरांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या ह्या माणसाने त्याबद्दल फार तळमळ दाखवली नाही, हेही खरं.

धंदा लंडनला, घर बेक्सलीहीथला. स्टेशन घरापासून तीन मैल. रोजची ये-जा कशी पिळून काढते ते मी तुम्हाला काय सांगणार! उपाय निघाला होता. घराला नवी विंग जोडायची, बर्न-जोन्स, त्याची बायको जॉर्जियाना आणि मूल तिथे राहायला येणार, कामाचे कारखानेही तिथेच आणायचे. वेबने नकाशे केले. म्हणजे बघा, दोन कुटुंबांची छोटी सोसायटीच. मग 1864 च्या शरदात जॉर्जियानाला स्कार्लेट फिव्हर झाला, दिवस भरायच्या आत मूल जन्मलं आणि काही आठवड्यांत गेलं. बर्न-जोन्सने येणार नाही म्हणून कळवलं. मॉरिस स्वतः तेव्हा संधिवाताच्या तापाने अंथरुणावर होता. खाणीचं उत्पन्नही घटत चाललं होतं. 1865 च्या शरदात मॉरिस कुटुंब लंडनला, क्वीन स्क्वेअरमध्ये दुकानाच्याच वर राहायला गेलं. घर विकलं. तो बाकडा, ते लाल फडताळ हलवणं शक्य नव्हतं, ते तिथेच राहिलं. अवघी पाच वर्षं झाली होती. मॉरिस पुन्हा कधी ते घर पाहायला गेला नाही. बघवणार नाही म्हणायचा.

त्याच 1865 साली जॉर्जियानाची बहीण ॲलिस नवऱ्याबरोबर बोटीने मुंबईला आली. नवरा जॉन लॉकवूड किपलिंग, आमच्या जे. जे.मध्ये शिकवायला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची ती दगडी शिल्पं त्याची. वर्षअखेरीस जे. जे.च्या आवारात त्यांना मुलगा झाला, रुडयार्ड किपलिंग. त्या आवारातून जाताना मला नेहमी वाटायचं, रेड हाऊस मोडलं त्याच वर्षी त्या गोतावळ्यातली एक बहीण इथे बिऱ्हाड लावत होती.

पुढचं आयुष्य मोठं आहे, पण मी थोडक्यात आटपते. मॉरिस कवी म्हणून गाजला, कंपनी पुढे एकट्याच्या मालकीची झाली, कापड रंगवायला शिकताना त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. जुन्या इमारती वाचवायला 1877 मध्ये त्याने संस्था काढली, ती आजही चालू आहे. समाजवादी झाला, छापखाना काढला. 3 ऑक्टोबर 1896 ला, बासष्टाव्या वर्षी गेला. संसार मात्र त्या पाच वर्षांसारखा पुन्हा जमला नाही. जेन आणि रोसेटी एकमेकांत गुंतले. 1871 मध्ये मॉरिस आणि रोसेटी दोघांनी मिळून केल्म्स्कॉट गावचं जुनं घर भाड्याने घेतलं, आणि मॉरिस त्या उन्हाळ्यात त्या दोघांना तिथे सोडून आइसलंडला निघून गेला. त्यात कुणाचं किती चुकलं हे ठरवायला मी बसलेली नाही. जेनने नवरा गेल्यानंतर सतरा वर्षं काढली, आणि स्वतः जाण्याच्या थोडं आधी ते केल्म्स्कॉटचं घर विकत घेऊन ठेवलं.

रेड हाऊसचे मालक बदलत गेले. 2003 मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आलं. दहा वर्षांनी, 2013 मध्ये, मॉरिस दांपत्याच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीला बसवलेल्या कपाटामागे जवळजवळ माणसाच्या उंचीच्या आकृत्यांचं चित्र सापडलं. बायबलमधली माणसं, आदम, ईव्ह, नोहा. कुणी एकट्याने काढलेलं नाही, चार-पाच मित्रांचे हात त्यात असावेत असं जाणकारांचं म्हणणं.

आणि जेनने आणलेलं ते निळं कापड? घर विकलं तेव्हा ते त्यांनी भिंतीवरून उतरवून बरोबर नेलं. आज ते केल्म्स्कॉटच्या घरात आहे, डेझीच्या झुबक्यांसकट.