ल्युसी विल्स आणि आईचं रिकामं होणारं रक्त

बाळंतपण झालं की लाल गोळ्या बंद, असा समज आमच्या बीड जिल्ह्यात अजून आहे. ऊसतोडीला निघालेल्या बायांच्या गाठोड्यात तर त्या मला क्वचितच दिसतात. या गोळीत लोहासोबत फोलिक अ‍ॅसिड असतं. त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली आणि ती केली डॉ. ल्युसी विल्स यांनी.

१८८८ साली इंग्लंडात जन्मलेल्या ल्युसीबाई केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. वैद्यकाकडे वळल्या त्या नंतर. १९२० मध्ये लंडनला डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेत आल्या. शहरातल्या गरीब गरोदर बायका तेव्हा पंडुरोगाने दगावत होत्या. रक्तात लाल पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. बाईंनी आधी जंतू शोधले; हाती काही लागलं नाही. मग त्यांनी ताटात डोकावलं. फळं, पालेभाज्या, दूध, सगळ्याचीच वानवा.

तेच खाणं गाभण उंदरांना घातलं, तर उंदीर मेले. पण त्यात उवांतून पसरणाऱ्या संसर्गाचाही हात निघाला. एखाद्याने तिथेच हात टेकले असते. बाईंनी माकडांवर प्रयोग मांडले. रक्त आटलेल्या माकडाला मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि ते सुधारलं. बायकांनाही तो लागू पडला. १९३१ मध्ये हे काम ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे मात्र कळलं नव्हतं. त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकातून फोलिक अ‍ॅसिड वेगळं काढलं गेलं. फोलियम म्हणजे लॅटिनमध्ये पान.

पण गरोदरपणातच बायका इतक्या का खचत होत्या? बहुतेक औषधं वारेतून आपसूक झिरपतात. जिकडे जास्त तिकडून कमीकडे. फोलिकचं तसं नाही. वारेवरचे ग्राहक ते आईच्या रक्तातून धरून ठेवतात आणि बाळाकडे ढकलतात, इतकं की बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा जास्त भरतं. दुधाचीही हीच तऱ्हा. आईच्या अंगात कमी असलं तरी दुधातली पातळी बरीचशी टिकते. बाळ गुटगुटीत, आई पांढरीफटक, हे दृश्य वॉर्डात मी नेहमी पाहतो.

विल्सबाई १९६४ मध्ये वारल्या. गर्भ राहण्याआधीपासून फोलिक घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष बरेच टळतात, हे १९९१ मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. ते पाहायला त्या नव्हत्या. ही नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं.

बाळंतपणानंतर लाल गोळी रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. कारखान्यावर निघण्याआधी आशाताईंकडून पूर्ण मुदतीच्या गोळ्या मागून घ्याव्यात. आणि गोळी चहासोबत नको, चहाने लोह अंगी लागत नाही.