प्रश्नांना उत्तर देणारा प्राध्यापक

नाशिकला बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शाखेत एक कारकून होता. आवाज नाजूक, हातवारे करीत बोलायची सवय. डबे उघडले की त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल व्हायची, एक शब्द कुजबुजला जायचा. ‘तसले’ पुरुष असेच दिसतात, अशी आमची खात्री. मीही हसलो आहे.

त्याच टेबलाशी भारदस्त मिशांचा, क्रिकेट गाजवणारा एक अधिकारी बसायचा. निवृत्तीनंतर एका संध्याकाळी गंगेवर त्याने मला सांगितले, की त्याचे मन आयुष्यभर पुरुषांकडेच ओढ घेत राहिले. घरच्यांसाठी लग्न केले आणि दोन जीव आतल्या आत सुकले. आमचे हसणे तो रोज ऐकत होता. म्हणूनच गप्प राहिला.

त्या रात्री मला र. धों. कर्वे आठवले.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ सालचा. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. वडिलांनी विधवांसाठी आयुष्य वेचले. मुलाने त्याहून एकाकी वाट धरली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, पण काम सुटले नाही. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी होत्या. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली डोळे मिटेपर्यंत पदरमोड करून चालवले.

या मासिकात वाचकांचे प्रश्न येत. आईवडिलांना, मास्तरांना विचारायची सोय नव्हती, ते सारे त्यांत असे. कर्वे न रागावता, न लाजता, शास्त्राला धरून उत्तर देत. पुरुषाला पुरुषाविषयी वाटणाऱ्या आकर्षणाचे प्रश्नही त्यांनी टाळले नाहीत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील होत नाही, आणि प्रश्न कुणाला विकृत वाटले तरी त्यावर उपाय ज्ञानाचाच, अशी त्यांची मांडणी होती. हॅवलॉक एलिस या अभ्यासकाचे दाखलेही त्यांनी दिले. तरी खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

दंड कर्व्यांनी भरला. किंमत मात्र पुढच्या पिढ्यांनी मोजली. उत्तर देणाराच गुन्हेगार ठरला, की प्रश्न विचारणार कोण? मग माहितीच्या जागी नकला आणि टोपणनावे येऊन बसतात. सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे संबंध ३७७ कलमातून मोकळे व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. तेव्हा कर्वे जाऊन ६५ वर्षे होत आली होती.

कायदा बदलला. पण जेवताना कुणाच्या चालण्याबोलण्यावर आपण हसतो, तेव्हा त्याच पंगतीतला एखादा मुलगा आपला प्रश्न घासाबरोबर गिळत असेल, हे अजून आपल्या ध्यानात येत नाही. आमच्या त्या कारकुनाच्या मनात काय होते, हे मी कधी विचारलेच नाही. त्याची माफी मागायची राहिली आहे.