विश्लेषण : मलिक अंबरची खडकी कोणती? पुण्याची नव्हे!

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली, असे वाचले की पुणेकरांना आपली खडकी आठवते. पण अंबरची खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. पुण्याची खडकी गाजली ती ५ नोव्हेंबर १८१७ च्या पेशवे-इंग्रज लढाईमुळे. खडकाळ जमिनीवरून पडलेले हे नाव राज्यात अनेक गावांना आहे. इंग्रजांनी दोन्ही ठिकाणांचे ‘किर्की’ केल्याने घोळ आणखी वाढला.

अंबर कोण होता?

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याचे नाव अंबर ठेवले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. नाव चंगेजखान असले तरी हा पेशवा मंगोल नव्हता; तोही हबशीच होता.

हबशी म्हणजे कुठले?

अरब लोक त्या देशाला हबश म्हणत. त्यावरून आपल्याकडे हबशी आणि युरोपात अ‍ॅबिसिनिया हे शब्द आले. इथिओपिया हे नाव ग्रीकांचे. त्याचा अर्थ करपलेल्या चेहऱ्यांचा देश. मात्र ग्रीक ते नाव मुख्यतः इजिप्तच्या दक्षिणेकडील, म्हणजे आजच्या सुदानच्या भागासाठी वापरत.

गुलाम ते राज्यकर्ता

मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा त्याने निजामशाही घराण्यातील मूर्तजाला गादीवर बसवून गनिमी काव्याने लढा चालू ठेवला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

शहराची नावे कशी बदलली?

- १६१० : खडकी
- १६२६ : अंबरचा मृत्यू, मुलगा फत्तेखानच्या नावावरून फतेहनगर
- १६५३ : दख्खनचा सुभेदार औरंगजेबाच्या नावावरून औरंगाबाद
- २०२३ : छत्रपती संभाजीनगर

अंबरने शहराला स्वतःचे नाव दिले नाही. त्याचे नाव राहिले ते शहराला पाणी पुरवणाऱ्या भूमिगत नहर-ए-अंबरीला. आणि तेही आईबापांनी ठेवलेले नव्हे, तर मालकाने दिलेले.