कपाच्या कानावरची बारीक रेघ: जोसाया वेजवुडची गोष्ट



हा लेख मी बुटीबोरीतल्या घरी बसून लिहितोय. शेजारी चहाचा पांढरा कप आहे. तुमच्याकडेही चिनी मातीचा कप असेल, तर एका हातात मोबाईल धरा आणि दुसऱ्या हाताचं बोट कपाच्या कानावरून फिरवा. बऱ्याच कपांवर एक बारीक रेघ बोटाला लागते. ती साच्याच्या दोन भागांची जोड आहे.

एमआयडीसीच्या गावात राहणाऱ्यांना डाय आणि मोल्ड काही नवीन नाहीत. पण साचा बनवायलाही आधी एक वस्तू लागते. ती म्हणजे मॉडेल. आज मॉडेल कॉम्प्युटरवरही बनतं, पण प्लास्टरचा गोळा हाताने कोरून, घासून ते बनवण्याची पद्धत अजून जिवंत आहे. या पद्धतीवर ज्याने मोठा उद्योग उभा केला, त्या माणसाची ही गोष्ट.

चाक सुटलं

जोसाया वेजवुडचा जन्म 1730 मध्ये इंग्लंडमधल्या बर्सलेम गावी, कुंभारांच्या घरात झाला. भावंडांत तो सगळ्यात धाकटा. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि तो घरच्या कामाला लागला. 1742 च्या सुमारास त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला.

कुंभाराच्या पोराचा पायच निकामी झाला, तर पायाने फिरवायचं चाक चालवणार कसं? मग जोसाया आकार, मॉडेल, मातीची मिश्रणं आणि झिलई यांच्याकडे वळला. 1759 मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि आपले प्रयोग वहीत नंबर देऊन लिहायला लागला. एखादा नंबर फसला, तरी तो वहीत राहायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन हिस्टरी!

1765 मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या सेटची ऑर्डर आली आणि त्याच्या फिकट पिवळसर भांड्यांना क्वीन्स वेअर हे नाव मिळालं. पण पायाचं दुखणं वाढतच होतं. मे 1768 मध्ये तो पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतंच. पुढच्याच वर्षी, जून 1769 मध्ये, लाकडी पायाने चालणाऱ्या या माणसाने एट्रुरिया नावाचा नवा मोठा कारखाना सुरू केला.

प्लास्टरच का?

पीओपी म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात. तिथे प्लास्टर म्हणजेच मूर्ती. कप-बशीच्या कामात मात्र प्लास्टर फक्त मधला मदतनीस असतं.

जिप्सम साधारण 150 अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं. त्या पावडरीत परत पाणी घातलं की ती घट्ट होते, पण आत असंख्य बारीक छिद्रं राहतात. अशा साच्यात ओली माती दाबली किंवा पातळ माती ओतली की प्लास्टर तिच्यातलं पाणी शोषून घेतं. मातीला आकार येतो आणि ती साच्यापासून आपोआप सुटते.

पण वापरून वापरून साचा झिजतो, नक्षी बोथट होते. म्हणून मॉडेलवरून पहिला मूळ साचा काढतात, त्यावरून केस, आणि केसवरून रोजच्या कामाचे साचे. एक साचा संपला की दुसरा तयार. पण मॉडेलमध्येच कान वाकडा असेल, तर हजारो कपांचे कान वाकडे निघणार. एका टेम्प्लेटमध्ये माझ्याकडून अशी चूक झाली होती. त्यावरून बनलेल्या प्रत्येक पानावर ती चूक दिसत होती. तेव्हापासून ‘पहिली प्रत’ म्हटलं की मला घाम फुटतो.

आकसण्याचं गणित

माती वाळताना आणि भाजताना आकसते. कित्येक मातींमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे मॉडेल मुद्दाम मोठं करावं लागतं. वेजवुडने या अडचणीतूनच मोजमापाचं साधन काढलं. ठरावीक मापाचे मातीचे तुकडे भट्टीत ठेवायचे आणि ते किती आकसले, त्यावरून उष्णता किती होती ते ठरवायचं. 1782 मध्ये त्याने हा पायरोमीटर मांडला आणि 1783 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पुढे त्याचे आकडे अचूक नसल्याचं कळलं, पण भट्टीचा अंदाज डोळ्यांवर सोडू नये, हा विचार टिकला.

त्याआधी 1774 मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीसाठी त्याने 952 नगांचा सेट पाठवला होता. इतके नग एकमेकांशी जुळायचे, तर साचे नीट हवेतच.

नाव कुणाचं?

इथे मात्र गोष्ट थोडी टोचते. विल्यम हॅकवुड हा वेजवुडचा कुशल मॉडेलर. त्याने एका मुखचित्राच्या खांद्याखाली हळूच आपलं नाव कोरलं. वेजवुडच्या ते लक्षात आलं आणि पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. मालावर नाव एकच, वेजवुड. 1787 मध्ये गुलामगिरीविरुद्धचं प्रसिद्ध पदक निघालं. त्यावरच्या साखळदंडातल्या माणसाचं मॉडेल हॅकवुडचंच मानलं जातं, पण जगात ते ओळखलं गेलं वेजवुडचं पदक म्हणून.

मी लिहिलेला कोडही कंपनीच्या नावाने जातो. पण आत कुठेतरी, कमिटमध्ये का होईना, माझं नाव असतं. हॅकवुडला तेवढंही मिळालं नाही. तरी वेजवुडच्या मृत्यूनंतरही तो तिथेच काम करत राहिला, 1832 पर्यंत.

वेजवुड 3 जानेवारी 1795 ला वारला. उत्क्रांतीवाला चार्ल्स डार्विन हा त्याच्या मुलीचा मुलगा.

आज चहा संपला की कप उलटा करून बघा. खाली कंपनीचं नाव सापडेल. ज्या वळणात तुमचं बोट बरोबर बसतं, ते वळण कुणी घडवलं, हे मात्र लिहिलेलं नसेल.